वुकाशिन आजोबांनी बेल वाजवली

"यंदाचा स्लावा असा करून दाखवतो की आख्खी बिल्डिंग तोंडात बोट घालेल!" असं रादिवोयनं डिसेंबरच्या एक तारखेलाच जाहीर करून टाकलं. जाहीर कुणापुढे? तर बायकोपुढे. दुशांका गहू निवडत बसली होती. तिनं मान वर न करता विचारलं, "म्हणजे मदत करणार आहेस की नुसतंच दाखवणार आहेस?"

आता स्लावा म्हणजे कुळाच्या संताचा दिवस. रादिवोयच्या कुळाचा संत निकोला. पण संत निकोला काही एकट्या रादिवोयचा नाही. एकोणीस डिसेंबरला निम्मा देश त्याचा स्लावा करतो आणि उरलेला निम्मा त्यांच्याकडे जेवायला जातो, असं आमच्यात म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही. स्लाव्याचे नियम दोनच. पहिला, आमंत्रण कुणालाही द्यायचं नाही. ज्याला यायचं तो येतो. दुसरा, जो येईल त्याला "आपण कोण?" असं विचारायचं नाही. विचारलंत तर मेलात! सात पिढ्यांच्या नावाला बट्टा लागलाच म्हणून समजा.

यंदा मात्र रादिवोयच्या जिवाला घोर होता. गावाकडून त्याचे वडील, ओब्रादबाबा, टॉवेलात गुंडाळलेली संत निकोलाची तसबीर घेऊन येणार होते. फोनवर ते चारच वाक्यं बोलले होते. "मी चौऱ्याहत्तर वर्षांचा झालो. तसबीर आता पोरांपैकी एकाकडे द्यायची. आधी तुझं घर बघतो. स्लावा पेलवेल असं वाटलं तर तसबीर तुझ्या भिंतीवर, नाहीतर परत टॉवेलात आणि मिलिसावकडे." मिलिसाव म्हणजे धाकटा भाऊ. तो गावात राहायचा, बाबांना सांभाळायचा, डुकरं पाळायचा आणि सगळ्या नातेवाइकांच्या मते तसबीर त्यालाच मिळणार होती. थोरला काय, शहरात जाऊन लिफ्ट दुरुस्त करतो!

हे 'लिफ्ट दुरुस्त करतो' रादिवोयच्या फार वर्मी लागायचं. त्यानं पूर्वेच्या भिंतीवर पंधरा दिवस आधीच खिळा ठोकून ठेवला होता. रोज सकाळी दात घासताना तो त्या रिकाम्या खिळ्याकडे बघत उभा राहायचा.

पण अडचण अशी की दारावरची बेल सहा वर्षं बंद होती. शहरभरच्या लिफ्टा चालू करणाऱ्या माणसाला स्वतःची बेल दुरुस्त करायला सवड नव्हती! मग हा गडी गेला बसस्टँडसमोरच्या चिनी बाजारात आणि बिनतारी बेल घेऊन आला. बटण दाराबाहेर चिकटवायचं, बेल घरात प्लगमध्ये खोचायची. छत्तीस आवाज! शिवाय दुकानदारानं टेबलावरचा दिवा लांबून लावण्या-बंद करण्याचा एक रिमोटही गळ्यात मारला.

"आणि काय म्हणाला माहितीये?" रादिवोय छाती फुगवून म्हणाला. "म्हणाला, तुमच्या बिल्डिंगीतले सगळे हेच घेऊन जातात! उगाच नेतात का? मालच तसा आहे!"

दुशांकाला कागद वाचायची खोड. तिनं डब्यातली घडी उलगडली. "रादे, इथं लिहिलंय, बटणाच्या आत आठ बारीक खटके आहेत. ते आपापल्या मनानं खालीवर करायचे. नाहीतर शेजाऱ्याच्या वस्तूंशी घोटाळा होतो म्हणे."

"अगं, ते अडाण्यांसाठी असतं. फॅक्टरीतून आलेलं बरोबरच असतं!"

"हे सगळं ज्या लहरींवर चालतं, तिथं परवाना लागत नाही, कुणीही वापरू शकतं, असंही लिहिलंय."

"मग झालंच की! परवाना नाही म्हणजे आपलीच हवा!"

झालं. खटके होते तसेच राहिले. छत्तीस आवाजांतून रादिवोयनं देवळातल्या घंटांचा आवाज निवडला, कारण बाबांना तो आवडेल.

एकोणीस तारखेला ओब्रादबाबा पहिल्या बसनं आले. बगलेत टॉवेलातली तसबीर, एका हातात अक्रोडांची पिशवी, कोटाच्या खिशात काहीतरी फुगीर. त्यांनी बेल दाबली नाहीच. दारावर मुठीनं असे तीन ठोके घातले की वरचा गिलावा पडला. आत आले, खिळ्याकडे पाहिलं, "हं" म्हणाले, तसबीर टेबलाच्या टोकाला भिंतीला टेकवून ठेवली, टॉवेल काही काढला नाही, आणि शेजारी बसले. मेणबत्ती पेटली होती. स्लाव्याची भाकर मधोमध होती. उपासाचे दिवस, म्हणून मटण नाही. भाजलेला कार्प मासा, घेवड्याच्या दाण्यांची भाजी, गव्हाचा गोड प्रसाद. प्लमची राकिया, म्हणजे घरची कडक दारू, ती तर काय, वाहत होती.

"सूनबाई, मला एकच ग्लास," बाबा म्हणाले. "डॉक्टरनं सांगितलंय आणि मिलिसावची बायको मोजते." आणि त्यांनी असा उसासा टाकला की मेणबत्तीची ज्योत हलली.

इतक्यात घंटा वाजल्या! टण्ण, टण्ण, टण्ण! रादिवोय ताठ झाला. पहिला पाहुणा! दुशांका प्रसादाचं ताट घेऊन धावली. त्यानं दार सताड उघडून "या, या!" म्हणत हात पसरले.

समोर कुणी नव्हतं.

"कोण आलं रे?" आतून बाबा.

"कुणी... कुणी नाही बाबा."

"स्लाव्याला घंटा वाजते आणि दारात कुणी नाही, असं होत नसतं," बाबा म्हणाले. दार लावतोय न लावतोय तोच पुन्हा टण्ण टण्ण! पुन्हा दार, पुन्हा ताट, पुन्हा मोकळा जिना.

बाबा सावकाश उठले. छातीवर क्रूस काढला. "वुकाशिन आजोबा," ते हळूच म्हणाले. "माझे आजोबा. तसबीर शहरात आली ती बघायला आले. पोरा, ओत त्यांच्यासाठी."

रादिवोयनं ओतली. ग्लास तसबिरीपुढे ठेवला. दोन मिनिटं सगळे ग्लासाकडे बघत राहिले. मग बाबा म्हणाले, "मेलेला माणूस वास घेतो, पीत नाही. स्लाव्याची राकिया मात्र वाया घालवायची नसते." आणि त्यांनी ग्लास रिकामा केला.

टण्ण, टण्ण!

"हे तानासिये काका. लढाईतून परत आलेच नाहीत बिचारे. ओत."

टण्ण, टण्ण!

"ही पेर्सिदा मावशी. ती दोनदा वाजवते, तिला कधी धीर नव्हता. ओत, ओत."

तेवढ्यात टेबलावरचा दिवा आपोआप फटकन बंद झाला! दुशांका किंचाळली. बाबांच्या चेहऱ्यावर मात्र हसू पसरलं. "स्तामेनिया आत्या! दिवसा लाईट जळलेला तिला कधी खपला नाही. तिला मोठा ग्लास ठेव, माझ्यावर फार जीव होता तिचा."

साडेदहा वाजेपर्यंत कुळातली सात माणसं येऊन गेली होती आणि बाबांचं नाक लाल झालं होतं. रादिवोयच्या कपाळावर घाम फुटला. एकीकडे बाबा डोळे पुसत म्हणत होते, "घर ओळखलं रे त्यांनी! मिलिसावकडे एकदासुद्धा आले नाहीत!" म्हणजे तसबीर जवळजवळ खिळ्यावर चढलीच होती. दुसरीकडे हिशेब सरळ होता. कुळ मोठं होतं. पूर्वज असेच रांगेनं येत राहिले तर दुपारपर्यंत बाबा स्वतःच त्यांच्यात जाऊन बसतील!

पुढची घंटा वाजली तसा तो दारातून बाहेर निघाला आणि जिन्याच्या कठड्यावरून खाली वाकला. बघतो तर काय! खालच्या मजल्यावर, मेजर स्पासोयेंच्या दारापुढे, कोटातली अकरा माणसं बाटल्या आणि फुलं घेऊन उभी. सगळ्यात पुढे एक गलमिशावाला. त्यानं मेजरांच्या बेलचं बटण दाबलं, आणि रादिवोयच्या घरात देवळाच्या घंटा वाजल्या!

रादिवोयच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तुमच्या बिल्डिंगीतले सगळे हेच घेऊन जातात! तीच बेल, तोच रिमोट, तेच आठ खटके, कुणीही न हलवलेले! स्तामेनिया आत्या म्हणजे मेजरांचा रिमोट होता!

मेजर स्पासोये हे सैन्याच्या बँडमधून निवृत्त झालेले गृहस्थ. दोन वर्षांपूर्वी बायको गेली, तेव्हापासून एकटे. त्यांचाही संत निकोलाच. दार मात्र ते उघडत नव्हते. का उघडत नव्हते, याचा विचार करायला रादिवोयला वेळ कुठे होता? आतून बाबांची हाक आली, "कोण आहे रे? कुणीच नाही ना? मग हे मिलुतीन पणजोबा असणार. ते तर बादलीनं प्यायचे!"

बादली म्हटल्यावर रादिवोयची बोबडीच वळली. मेलेल्यांना थांबवायचं तर जिवंत माणसं हवीत! त्यानं कठड्यावरून ओरडून सांगितलं, "या, या! वर या!"

गलमिशावाल्यानं वर पाहिलं. "स्लावा वर आहे होय?"

"आहे की!" रादिवोय म्हणाला. आणि यात तसं खोटं काहीच नव्हतं.

अकराच्या अकरा वर आले. प्रसाद घेतला, बाबांचे मुके घेतले, ऐसपैस बसले आणि माशावर असे तुटून पडले की काट्यांचा खडखडाट जिन्यापर्यंत ऐकू यायला लागला. दुशांकानं नवऱ्याला स्वयंपाकघरात ओढलं.

"कोण रे हे?"

"तुझ्या ऑफिसातले नाहीत का?" रादिवोय साळसूदपणे म्हणाला.

"माझ्या ऑफिसात अकरा मिशीवाले कुठून येतील? मला वाटलं तुझे लिफ्टवाले!"

"मग विचार जाऊन."

"वेडा आहेस का? स्लाव्याला? बाबांसमोर?"

विचारायचं तर नाही! मग काय, दुसरा मासाही बाहेर आला. टेबलावर गलमिशावाला डोळे मिटून म्हणत होता, "आमच्या मेजरनं घर काय सुरेख लावलंय! पण तो स्वतः आहे कुठे?" बाबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "येईल, येईल, आज सगळेच येतायत." आणि दोघांनी ग्लासाला ग्लास भिडवला.

बारा वाजता पाद्रीबुवा आले. संत निकोलाच्या दिवशी पाद्रीबुवांची अवस्था वरातीतल्या घोड्यासारखी असते. या दारातून त्या दारात. घाम पुसत त्यांनी झगा घातला. "लवकर उरकूया, अजून चौदा घरं आहेत. खाली मेजरांकडे बेल दाबली, दार उघडलंच नाही. झोपलेत वाटतं. त्यांची भाकर मंत्र म्हणून कापायची तशीच राहिली."

हे ऐकून रादिवोयला टोचलं. पण समोर बाबा, बाबांसमोर टॉवेल, टॉवेलात तसबीर! त्यानं टोचणी गिळली.

पाद्रीबुवांनी भाकर हातात घेतली, मंत्र सुरू केला, आणि टण्ण टण्ण! ते थांबले. पुन्हा सुरू केला. टण्ण टण्ण! "हे दिमित्रिये, माझे मोठे भाऊ," बाबांनी पाद्रीबुवांना कानात सांगितलं. पाद्रीबुवांनी बाबांच्या तोंडाचा वास घेतला आणि एक पाऊल मागे सरले.

आता मात्र हद्द झाली. खाली मेजरांकडे अजून माणसं येत होती आणि दाबत होती! रादिवोय हळूच सटकला. लिफ्टवाल्याच्या खिशात काळी चिकटपट्टी नेहमी असतेच. दुसऱ्या खिशात बाबांच्या अक्रोडाचं अर्धं कवच होतं. तिसऱ्या मजल्यावर येऊन त्यानं मेजरांच्या बटणावर ते कवच टोपीसारखं बसवलं, म्हणजे कुणाचं बोट पोचू नये, आणि वरून पट्टी तीन वेढे घट्ट ताणून लावली. स्वतःच्याच अकलेवर तो खूश झाला!

आता अक्रोडाच्या आत मधोमध एक टणक पडदा असतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तो पडदा बरोब्बर बटणावर बसला. आणि बटण जे दाबलं गेलं ते दाबलेलंच राहिलं!

मग जे झालं ते आमच्या बिल्डिंगीत आजही सांगतात. चौथ्या मजल्यावर देवळाच्या घंटा. पाचव्यावर कोकिळा. दुसऱ्यावर लग्नाचा बँड. सातव्यावर भुंकणारं कुत्रं, आणि ते ऐकून आठव्यावरचं खरं कुत्रं! एकही थांबेना! बारा मजल्यांची दारं उघडली, बारा मजल्यांवरून लोक "या, या!" म्हणत बाहेर आले आणि एकमेकांकडे बघत उभे राहिले. रादिवोय धापा टाकत घरात शिरला तेव्हा बाबा उभे राहून हात जोडत होते. "आख्खं कबरस्तान आलं रे! एवढे ग्लास आहेत का घरात?"

रादिवोयनं झडप घालून बेल प्लगमधून उपटली. बाकीच्यांनीही आपापल्या उपटल्या असाव्यात, कारण एकदाची शांतता झाली. पाद्रीबुवांनी घाईघाईनं भाकर कापली, तीवर वाइन शिंपडली, एक घोट घेतला आणि पळाले. मिशीवाल्यांपैकी चौघेही उठले. "येतो आम्ही. फार छान झालं!"

रादिवोय दाराला टेकून उभा राहिला. सुटलो, असं त्याला वाटलं.

पाच मिनिटांत दारावर थाप पडली. पाद्रीबुवा! "माझी गाडी उघडत नाही. चावीचं बटण दाबून दाबून बोट दुखलं. जरा बसू का?" त्यांच्यामागे चौघे मिशीवाले. त्यांचीही गाडी उघडत नव्हती. त्यांच्यामागे पाचव्या मजल्यावरचे पाहुणे, मग सातव्यावरचे. अंगणातली एकही गाडी उघडेना! पाद्रीबुवांनी चावीचं लोखंडी पातं घालून कुलूप उघडलं, तर गाडीनं असा भोंगा ठोकला की रस्त्यावरच्या लोकांना वाटलं, पाद्रीबुवा गाडी चोरतायत. बाहेर बर्फ पडत होतं. थंडीत कुडकुडणारे पाहुणे आले तसे परत फिरले आणि कुठे? जिथं दार उघडं आणि माणसांचा आवाज, तिथं! म्हणजे रादिवोयकडे!

"आम्ही आलो तर चालेल ना?" सातव्यावरची एक बाई म्हणाली.

"स्लाव्याला असं विचारतात होय!" बाबा गरजले. "बसा!"

एकतीस माणसं! मासा संपला. घेवडा संपला. प्रसादाचं ताट लोकांनी चमच्यानं खरवडलं. दुशांका स्वयंपाकघरात लोणच्याची बरणी छातीशी धरून बसली होती. "रादे," ती म्हणाली, "हे जाणार कधी?"

"गाड्या उघडतील तेव्हा."

"आणि गाड्या का उघडत नाहीत? तूच सांग, तूच बिनतारीवाला!"

तेव्हा कुठे रादिवोयला उमगलं. गाडीची चावी आणि बेलचं बटण एकाच हवेत बोलतात. ज्या हवेला परवाना लागत नाही ती सगळ्यांची. चावी बिचारी कुजबुजते, 'उघड.' पण भर सभेत एकानं अखंड बोंब ठोकली तर कुजबुजणाऱ्याचं कुणाला ऐकू जाणार? आणि ही बोंब खाली मेजरांच्या दारावर, अक्रोडाच्या कवचाखाली, तासभर चालू होती!

"आलोच," असं म्हणून तो खाली धावला.

तिसऱ्या मजल्यावर मेजर स्पासोये दारात उभे होते. अंगात लष्करी कोट, छातीवर पदकं, कमरेला फुलाफुलांचा ॲप्रन. एका हातात काळी पट्टी, दुसऱ्या हातात अक्रोडाचं कवच. ते कवचाकडे असं बघत होते, जसं काही शत्रूनं टाकलेलं काहीतरी आहे.

"कोण करतं हे?" मेजर म्हणाले. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्तच लागला. "सकाळपासून बेल वाजते, दार उघडलं तर कुणी नसतं. पाच वेळा, सहा वेळा. सातव्यांदा मी उघडलंच नाही. म्हटलं, म्हाताऱ्याची थट्टा करतायत. पण तेव्हापासून कुणी आलंही नाही. मित्रसुद्धा नाहीत. बायको असताना घरात पाय ठेवायला जागा नसायची."

रादिवोयनं त्यांच्या खांद्यावरून आत पाहिलं. टेबलावर वीस माणसांची ताटं. तीन मासे. न कापलेली भाकर. मेणबत्ती निम्मी जळलेली. तीन दिवस एकट्यानं रांधलेलं होतं सगळं. रादिवोयला इतकी लाज वाटली की त्याचे कान तापले. इतर मजल्यांवरचे पाहुणे आपापली बटणं दाबत होते, तशी वर त्याची आणि खाली मेजरांची बेल वाजत होती, आणि दोन्हीकडे दारात कुणी नसायचं!

"मेजरसाहेब," तो म्हणाला, "ती पट्टी माझी. कवच माझं. थट्टा नव्हती हो. तुमची आणि माझी बेल एकच आहे. आणि तुमचे मित्र आलेत. सकाळीच आले. ते वर आहेत. माझ्याकडे. मीच बोलावलं."

"माझे मित्र तुझ्याकडे?"

"हो. सगळा मासा खाल्लाय त्यांनी."

मेजरांच्या मिशा हलायला लागल्या. "गलमिशावाला होता का? दोन मासे एकट्यानं खाल्ले असतील त्यानं!" आणि त्यांनी रुमाल काढून नाक शिंकरलं. "पण मला वर येता येणार नाही पोरा. मेणबत्ती जळतेय तोवर यजमानानं घर सोडायचं नसतं."

"तुम्ही कशाला येता? त्यांना मी आणतो!"

जिना मात्र तो एकेक पायरी मोजत चढला. आता हे बाबांपुढे बोलायचं. म्हणजे वुकाशिन आजोबा गेले, पेर्सिदा मावशी गेली, आणि त्यांच्यामागोमाग तसबीरही गेली, थेट मिलिसावकडे!

एकतीस माणसांपुढे तो उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं. खटके, बेल, कवच, काहीच लपवलं नाही. "मंडळी, गाड्या आता उघडतील. पण खाली मेजर स्पासोये वीस ताटं मांडून एकटे बसलेत. मी त्यांचे पाहुणे पळवले. पाद्रीबुवा, त्यांची भाकरही राहिलीये." मग तो बाबांकडे वळला. "आणि बाबा, सकाळपासून आपल्याकडे कुणी आलं नव्हतं. शेजाऱ्यांची बेल होती ती. मला साडेदहापासून ठाऊक होतं. तुम्ही इतके खूश होता... आणि ही तसबीर... मी बोललो नाही."

गलमिशावाल्यानं शेवटचा घास गिळला आणि हळूच विचारलं, "म्हणजे हे मेजरचं घर नाही?"

मग सगळे उठले. मिशीवाले जिन्यातून गातच खाली उतरले. त्यांच्यामागे पाद्रीबुवा, झगा सावरत. गाड्या उघडत होत्या, तरी घरी कुणीच गेलं नाही. खालून मेजरांचा आवाज आला, "या, या! बसा रे हरामखोरांनो!" आणि पाठोपाठ एक हुंदका, जो सगळ्यांनी न ऐकल्यासारखा केला.

वर तिघंच उरली. बाबा जागचे हलले नव्हते. "संपलं बोलून?" त्यांनी विचारलं.

"हो बाबा."

"वुकाशिन आजोबांनी जन्मात बेल बघितली नव्हती. ते दाराला लाथ मारायचे. पहिल्याच घंटेला कळलं मला, तुझ्या त्या डबड्यात काहीतरी बिघडलंय."

"मग तुम्ही... ते ग्लास..."

"तीन वर्षं मिलिसावची बायको मला झाकणानं मोजून देते रे! मेलेल्यांच्या वाटची कुणी मोजतं का?" बाबांनी मिशीवरून हात फिरवला. मग त्यांनी टॉवेल सोडायला घेतला. "एकतीस माणसं आली. एकालाही तू नाव विचारलं नाहीस. आणि शेवटी त्या मेजरची माणसं त्याला परत दिलीस, तसबिरीवर पाणी सोडून. मला हेच बघायचं होतं. घे, लाव तो खिळा कामाला."

संत निकोला भिंतीवर चढला. बाहेर बर्फानं अंधारून आलं होतं; डोळे पुसत, हसत दुशांकानं टेबलावरचा दिवा पुन्हा लावला. रादिवोय नुसताच तसबीर सरळ करत राहिला, सरळ असलेली.

"आता हे," असं म्हणत बाबांनी कोटाच्या खिशातून ती फुगीर वस्तू काढली. एक छोटा लाल दिवा आणि एक रिमोट. "तेलाचा दिवा ठेवला तर सूनबाईच्या भिंतीला काजळी धरेल. सकाळी बसमधून उतरलो, समोरच्या बाजारातून घेतला. लांबून पेटतो."

रादिवोयनं झटकन हात पुढे केला. "बाबा, थांबा! आत खटके असतात..."

"गप रे! फॅक्टरीतून आलेलं बरोबरच असतं. आणि दुकानदार म्हणाला, इथल्या बिल्डिंगीतले सगळे हेच नेतात."

त्यांनी बटण दाबलं. संत निकोलापुढे लाल दिवा लागला. त्याच क्षणी टेबलावरचा दिवा गेला, खाली मेजरांकडे अंधार झाला, पुन्हा प्लगमध्ये खोचलेल्या बेलमधून दुसऱ्या मजल्यावर लग्नाचा बँड सुरू झाला आणि सातव्यावर कुत्रं भुंकायला लागलं.

"स्तामेनिया आत्या!" अंधारातून बाबांचा तृप्त आवाज आला. "ओत रे, मोठा ग्लास."